तिसाव्या दिवसाचा प्लॅन काढ

दादर, मुंबई

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कॅन्सर हॉस्पिटलचे प्लॅन काल रात्री टेबलावर पसरून पाहिले. कॉलम नीट बसलेत, जिने जागच्या जागी आहेत. प्रवेशाच्या दुमजली हॉलपाशी मात्र मी अडले. पहिल्यांदा आत येणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून तो काढला आहेस. कॅन्सरचा पेशंट पहिल्यांदा एकदाच येतो. मग रेडिएशनसाठी आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे, म्हणजे ३०-३५ खेपा. केमो असेल तर बहुतेकांना दर तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि पुढे वर्षानुवर्षं तपासण्या. दुसऱ्या दिवसापासून त्याचं त्या हॉलकडे लक्षही जात नाही. गेटपासून मशीनपर्यंतची चाल, बसायची जागा, संडास किती लांब, हे त्याला रोज भोगावं लागतं. म्हणून तिसाव्या दिवसाचा प्लॅन काढ. त्या दिवशी त्याच्या गळ्याची कातडी काळवंडलेली असते, तोंड आलेलं असतं, पाण्याचा घोटही उतरत नाही.

माझी एक चूक सांगते. डोक्या-मानेच्या पेशंटला रेडिएशन देताना चेहरा तसूभरही हलून चालत नाही. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर बसवतात आणि साचा घेतात. प्रत्येकाचा वेगळा, कोर्स संपेपर्यंत जपायचा. माझ्या पहिल्या कॅन्सर विभागात मी बंकर, म्हणजे रेडिएशनच्या मशीनची जाड भिंतींची खोली काढली, कंट्रोल रूम काढली; या साच्यांना जागाच ठेवली नाही. सुरू झाल्यावर महिन्याभराने गेले, तर ते जमिनीवर एकावर एक रचलेले होते, कपाळावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. टेक्निशियन मुलगी गुडघे टेकून त्यातून एक शोधत होती, आणि ज्यांचा तो चेहरा ते काका दारात उभे राहून बघत होते. ते काका अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तुझ्या प्लॅनमध्येही ते कपाट नाही.

आता बंकर. किरणांचा मुख्य झोत ज्या भिंतीवर पडतो ती दोन मीटरहून जास्त जाड काँक्रीटची. एकदा ओतली की तिला भोक पाडायची सोय नाही, त्यामुळे केबल आणि एसीच्या वाटा आधीच ठरव, त्याही तिरक्या. अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी हातात येईपर्यंत कंत्राटदाराला कामाला हात लावू देऊ नकोस. मशीन दहा-पंधरा वर्षांनी बदलतं आणि बंकर तोच राहतो. नवं मशीन आत कुठून न्यायचं ते प्लॅनवर लाल रेघेने दाखव.

बंकर तळघरात घेतलास, कारण सभोवतालची माती किरणं अडवते. बरोबर आहे. पण ही मुंबई आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि दादरजवळचं हिंदमाता तर साध्या जोराच्या सरीलाही भरतं. रॅम्पचा माथा रस्त्यापेक्षा चांगला उंच घे, पंपांना वेगळी वीज दे, इलेक्ट्रिकल पॅनेल वरच्या मजल्यावर ने. पाऊस ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी उपचार चुकता कामा नये. मध्ये खंड पडला तर गाठीला सावरायला वेळ मिळतो.

थायरॉइडच्या पेशंटला देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, आठ दिवसांचं. त्या खोल्यांचा मैला वेगळ्या टाक्यांत थांबवून मगच गटारात सोडायचा. पेट स्कॅनसाठी देतात त्या किरणोत्सारी इंजेक्शनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. ते घेतलेला माणूस तासभर शांत बसतो, त्याला स्वतंत्र संडास हवा. तुझ्याकडे त्याची वाट मुलांच्या वेटिंगमधून जाते, ती बदल. बोन मॅरो बदललेल्या पेशंटच्या खोलीतली हवा बाहेर ढकललेली हवी, केमोची औषधं मिसळतात तिथली आत ओढलेली; हे एसीवाल्यांशी बसून पक्कं कर.

संशोधनाची लॅब तू मागच्या इमारतीत टाकली आहेस. ऑपरेशन चालू असताना काढलेला तुकडा गोठवून, काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि उत्तर येईपर्यंत सर्जन टेबलापाशी थांबलेला असतो. उरलेला तुकडा संशोधनासाठी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जायचा. शरीराबाहेर आल्या क्षणापासून तो बिघडायला लागतो. पॅथॉलॉजी ऑपरेशन थिएटरला खेटून घे आणि बायोबँक, म्हणजे ते तुकडे जपायची जागा, तिच्या शेजारी, बाकी लॅब मागे राहिली तरी चालेल. जागाही मोकळी सोड. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये ८० खाटांनी सुरू झालं. पुढे संशोधनाला हातपाय पसरायला नवी मुंबईतलं खारघर गाठावं लागलं.

सर्वांत जास्त मन लावायचं ते नातेवाइकांसाठी. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार. ऑपरेशननंतर नाकातून नळी असते. बायको किंवा मुलगा वरणभात मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, सिरिंजने भरवतो. हे परळच्या फूटपाथवर होताना मी पाहिलं आहे. प्रत्येक मजल्यावर ओटा, सिंक, मिक्सरला प्लग आणि गरम पाणी एवढं दिलंस तरी पुरे. हा ओटा केमोच्या डे-केअरपासून लांब ठेव, फोडणीच्या वासाने तिथल्या माणसांना मळमळतं. जीभ काढलेल्या माणसाला नावाने पुकारलं तर ‘ओ’ देता येत नाही, म्हणून नंबर पडद्यावर दिसू दे. आणि डे-केअरच्या संडासाचं दार सलाइनच्या स्टँडसकट आत जाता येईल एवढं रुंद कर. मी मोजलं, तुझं तेवढं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला परळला भेट, गेटबाहेरच उभं राहू. तोवर तळघराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, नव्याने काढून पाठव, पावसाच्या पाण्याची पातळी त्यावर दाखवून.

तुझी,
मॅडम