शिंगातून सांडणारी सुबत्ता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अनुवादाची पानं मिळाली, सगळी वाचली. 'कॉर्न्युकोपिया'पाशी तू अडलीस आणि 'विपुलता' लिहून पुढे गेलीस, तिथे तुला थोडं थांबवते. 'विपुलता' चूक नाही, शब्दकोशात तेच सापडतं. पण त्या वाक्यात फळबाजाराचं वर्णन आहे, आणि साधा 'अबन्डन्स' हाताशी असताना लेखिकेनं हा लांबलचक शब्द काढला तो उगाच नाही. या शब्दाला आकार आहे, आणि तुझ्या 'विपुलते'त तो हरवला.

शब्द उघडून बघ. लॅटिनमध्ये 'कोर्नू' म्हणजे शिंग आणि 'कोपिआ' म्हणजे भरपूर साठा. 'कोर्नू कोपिआए', सुबत्तेचं शिंग. हे दोन शब्द पुढे एकजीव झाले. यातल्या 'कॉर्न'चा मक्याशी संबंध नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या चित्रांत या शिंगातून मक्याची कणसं डोकावतात, त्यामुळे भलेभले फसतात. धान्यवाचक 'कॉर्न' हा वेगळ्या मुळाचा शब्द. आपल्या 'कोर्नू'चे नातलग म्हणजे इंग्रजी 'हॉर्न', संस्कृत 'शृंग' आणि त्यावरून आलेलं आपलं 'शिंग'. म्हणजे शब्दाचा निम्मा भाग तुझ्या घरातलाच आहे.

'कोपिआ'ची गोष्ट जास्त वळणांची. 'ऑप्स' म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. त्याला 'को' लागून 'कोपिआ' झाला. 'ऑप्युलंट', म्हणजे श्रीमंत, त्याच मुळावरचा आणि 'कोपिअस', म्हणजे भरपूर, तर थेट 'कोपिआ'तूनच निघालेला. रोमन लोक अनेकवचनी 'कोपिआए' सैन्यासाठी वापरत, कारण सेनापतीचं बळ तेच. 'कोपिआ'ला मुभा, उपलब्धता असाही अर्थ होता. एखादा मजकूर उतरवून घ्यायची मुभा, तिथून मध्ययुगात उतरवून घेतलेली प्रतच 'कोपिआ' झाली. तीच आपली रोजची 'कॉपी'. भरपूर, फौज, मुभा आणि नक्कल, सगळं एका पोटातून आलं. मला हे फार सुंदर वाटतं आणि तुलाही वाटावं अशी इच्छा आहे.

आता शिंग कुणाचं? इथे घाई करू नकोस, कारण उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही ओव्हिड या एकाच रोमन कवीनं सांगितली आहेत. रोमन सणावारांवरच्या 'फास्ती' या काव्यात तो क्रीट बेटावर नेतो. अमाल्थेआ नावाची अप्सरा बाळ ज्युपिटरला, म्हणजे ग्रीकांच्या झ्यूसला, रानात लपवून वाढवते. तिच्याकडे एक देखणी शेळी आहे, दोन करडांची आई, मागे वळलेल्या उंच शिंगांची. बाळाला तिचंच दूध. एकदा झाडावर आपटून शेळीचं एक शिंग मोडतं आणि तिचं निम्मं रूप जातं, असं कवी म्हणतो. अमाल्थेआ ते उचलते, हिरव्या पाल्यात गुंडाळते, फळांनी भरते आणि बाळाच्या ओठांशी नेते. इतर कथांत अमाल्थेआ हे त्या शेळीचंच नाव आहे. पुढे ती आकाशात गेली. कॅपेला या ताऱ्याच्या नावाचा अर्थच 'लहान शेळी'. आपल्याकडे तोच ब्रह्महृदय. फेब्रुवारीत रात्र पडल्यावर उत्तरेकडे उंच बघ, सारथी तारकासमूहातला पिवळसर ठळक तारा तो.

दुसरी गोष्ट अगदी वेगळी. ओव्हिडच्याच 'मेटामॉर्फसीज' या काव्यात आखेलोऊस नदीचा देव स्वतःच्या पराभवाची हकिकत पाहुण्यांना सांगतो. देइआनिरा या राजकन्येसाठी त्याची महाबली हर्क्युलिसशी कुस्ती झाली. तो साप झाला, मग बैल झाला. हर्क्युलिसनं त्याचं शिंगच उपटलं. जलदेवतांनी ते फळाफुलांनी भरलं. त्याची हकिकत संपते तेव्हा मोकळ्या केसांची एक सेविका तेच शिंग घेऊन येते आणि जेवणानंतरची फळं त्यातून वाढते. हरलेला यजमान आपल्याच मोडलेल्या शिंगातून पाहुण्यांना फळं देतो. हा प्रसंग मला शेळीच्या कथेहून मोठा वाटतो.

आणि याला जमिनीवरचा अर्थही आहे. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की पश्चिम ग्रीसमधल्या या नदीची वळणं म्हणजे बैलाची शिंगं. हर्क्युलिसनं बांध घालून, पाट काढून नदी आवरली आणि पाण्याखालची सुपीक जमीन मोकळी केली, तेच सुबत्तेचं शिंग. नदी हटली की मागे राहणारा गाळ काय पिकवतो, हे गाळपेर करणाऱ्या कुणालाही विचार.

तू म्हणशील, हे सगळं तिकडचं, मराठी वाचकाला काय त्याचं? पण हे शिंग इकडे फार पूर्वी येऊन गेलं आहे. कुषाणांच्या सोन्याच्या नाण्यांवर आर्दोख्शो ही देवी हातात हेच शिंग घेऊन आहे. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर सिंहासनावरच्या देवीच्या डाव्या हातात ते दिसतं. मग दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या धनुर्धारी नाण्यांवर बदल होतो: आधी सिंहासन आणि शिंग, नंतर देवी कमळावर बसते आणि हातातही कमळ घेते. नाणी पाडणाऱ्या त्या अनाम कारागिरांनी तुझाच प्रश्न सोडवला होता. परक्या खुणेच्या जागी त्यांनी आपली खूण आणली, पण देवीचं देणं तसंच ठेवलं.

म्हणून 'अक्षयपात्र' घालावं का, हा तुझा समासातला प्रश्न मला आवडला. माझं मत विचारशील तर नको. द्रौपदीच्या थाळीला अट आहे, तिचं जेवण झालं की त्या दिवसापुरतं अन्न संपलं. वनपर्वातला दुर्वासांचा सगळा प्रसंग त्या अटीवरच उभा आहे. कामधेनू मागितलेलं देते. शिंग कुणी मागायची वाट बघत नाही, ते आधीच भरून सांडत असतं. फळबाजाराला हे सांडणं हवं.

इंग्रजीत भरपूरपणाचे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची प्रकृती निराळी. 'अबन्डन्स'मध्ये 'उंदा' म्हणजे लाट आहे, आपल्या 'उदका'ची सख्खी. काठ ओलांडून वाहणं हा त्याचा अर्थ. 'अफ्लुअन्स' वाहतं, 'प्रोफ्यूजन' ओततं. 'प्लेंटी' आपल्या 'पूर्ण'चा भाऊ. 'प्लेथोरा' मात्र जपून वापर: ग्रीक वैद्य शरीरात रक्त फाजील झालं की त्या विकाराला हे नाव देत आणि रक्त काढून उपचार करत. नको इतकं झाल्याची छाया त्यावर अजून आहे, म्हणून 'प्लेथोरा'ला 'सुबत्ता' म्हणू नये. आपल्याकडेही रेलचेल, मुबलक, उदंड, लयलूट, सुकाळ, बक्कळ हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लयलुटीत दोन्ही हातांनी उधळणं आहे. सुकाळ म्हणताना पाठीमागे दुष्काळाची आठवण असते.

शब्दसंपत्ती कशी वाढवू, असं विचारलं आहेस. इरॅस्मस या डच विद्वानानं 1512 साली पॅरिसमध्ये याच विषयावर लॅटिन पुस्तक छापलं, नावातच 'कोपिआ' असलेलं, त्याचा मित्र जॉन कॉलेट यानं लंडनमध्ये काढलेल्या सेंट पॉल्स शाळेतल्या मुलांसाठी. त्यात 'तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला' हे एकच वाक्य त्यानं शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलं आहे. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो बजावतो की भरपूर बोलायला निघालेला माणूस नुसत्या बडबडीत अडकू शकतो. तू हा सराव कर. फळबाजाराचं ते वाक्य वीस तऱ्हांनी लिही, मग एकोणीस खोड. वहीत शब्दांच्या याद्या करत बसण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि कामाचंही.

माझा कल 'फळांची नुसती रेलचेल, टोपल्यांतून सांडणारी' अशा काहीतरीकडे आहे. शिंग हवंच असेल तर 'सुबत्तेचं शिंग' लिहून त्याच वाक्यात त्याचं काम दाखव, तळटीप नको. तुला तिसरं काही सुचलं आणि ते मोठ्यानं वाचताना अडखळत नसेल, तर माझं बाजूला ठेव. चौथ्या पानावर 'प्लेथोरा' आला आहे, तोही आता पुन्हा बघ. दोन्ही पानं पाठव, वाचून लगेच कळवते.

तुझी,
बाई