आधी डोकं बोटांनी वाच, मग भांग पाड

आठ महिने सलूनमध्ये शिकतोयस, मशीन जमतं, दाढी जमते, पण वरचे केस लांब ठेवायचे म्हटले की गाडी अडते, असं तू लिहिलं आहेस. भांग वाकडा जातो, क्लिपमधून केस निसटतात आणि शेवटी एक बाजू दुसरीपेक्षा लहान निघते. त्यात तू डावखुरा, आणि मालक म्हणतात उजव्या हाताने शीक. मी तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून एकेरीत बोलतो.

सराव कर, हात स्थिर ठेव, हे तुला सगळेच सांगतील. सराव लागतोच. पण मी आजवर जेवढी पोरं शिकवली त्यांच्यात हात थरथरतो म्हणून भांग वाकडा गेला असं क्वचितच पाहिलं. कंगवा कुठून निघाला आणि कुठे पोचायचा, हेच त्यांचं ठरलेलं नसायचं. कागदावर सरळ रेघ मारायची तर आधी दोन टिंबं लागतात. डोक्यावरची टिंबं म्हणजे हाडं, आणि ती केसांखाली झाकलेली असतात.

मी मामांच्या दुकानात शिकलो. पहिलं जवळजवळ वर्षभर त्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. झाडलोट, गरम पाणी आणि तेलमालिश. गिऱ्हाईक चंपीला बसलं की मामा माझ्या मागे उभे राहायचे आणि मधेच विचारायचे, "आत्ता अंगठा कुठे आहे? मागचं हाड लागलं का? वर जा, भोवरा कुठे फुटतो ते सांग." मला वाटायचं, हलकं काम माझ्या गळ्यात घालतायत. नंतर पहिल्यांदा केसांचे भाग पाडायला उभा राहिलो तेव्हा कळलं, की डोकं माझ्या बोटांना पाठ झालं होतं. म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हे, की चंपीचं काम दुसऱ्या पोरावर ढकलू नकोस. स्वतः मागून घे.

चंपी करताना पाच जागा शोध. पहिली, कपाळाचे दोन कोपरे, म्हणजे केसांची रेघ जिथे कानशिलाकडे वळते ती जागा. दुसरी, डोक्याची कड. कंगवा कानाच्या वर डोक्याच्या बाजूला सपाट टेकव. खाली तो डोक्याला चिकटून राहील आणि वरचं टोक हवेत जाईल. कंगवा जिथे डोक्याला सोडतो तिथे कड, तिथून डोकं माथ्याकडे वळायला लागतं. तिसरी, भोवरा. चौथी, मागचा उंचवटा, ज्याच्याखाली कवटी आत मानेकडे जाते. पाचवी, कानामागचं हाड. प्रत्येक डोक्यावर या जागा थोड्या इकडेतिकडे असतात. कुणाचा मागचा उंचवटा इतका पुढे असतो की मूठ भरते, कुणाचं डोकं मागून पाटासारखं सपाट. म्हणून फोटो बघून भाग पाडता येत नाहीत.

लंडनचे केशकर्तनकार विडाल ससून यांनी 1960 च्या दशकात कापण्याची जी नवी पद्धत रूढ केली, तिचं मूळही हेच आहे. 1963 मध्ये नॅन्सी क्वान या अभिनेत्रीचे लांब केस कापून त्यांनी केलेला बॉब, म्हणजे मानेपर्यंतचा आखूड कट, जगभर गाजला. त्याआधी केस रोलरवर गुंडाळायचे, फुगवायचे, फवारे मारून जागेवर बसवायचे, असा प्रकार होता. ससून यांनी चेहऱ्याची आणि कवटीची हाडं बघून, नेमके भाग पाडून असं कापलं की धुऊन वाळवले की केस आपोआप जागेवर पडावेत. आज मोठ्या अकादम्यांमधून आडवे, उभे, तिरके सेक्शन, म्हणजे केसांचे भाग, जे शिकवतात त्यावर त्या कामाचा मोठा ठसा आहे. मामांनी ससून हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण मालिश करवून घेताना ते मला तेच शिकवत होते.

आता भोवरा. यावर जास्त बोलतो, कारण तुझी एक बाजू लहान निघते त्याचं मूळ मला इथे दिसतं. वरून पाहिलं तर बहुतेक माणसांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे पुढचे केस डावीकडून उजवीकडे पडतात, आणि अशा माणसाचा भांग डावीकडे सहज बसतो. काहींचा उलटा फिरतो, काहींना दोन असतात. गिऱ्हाईक कुठे भांग पाडतो हे विचारच, पण डोळ्यांनीही तपास. केस ओले कर, सगळे सरळ मागे विंचर, मग तळहात माथ्यावर ठेवून हलकेच पुढे ढकल. केस आपणहून जिथे फाटतात तिथे त्याचा खरा भांग. भांगाची रेघ तिथून मागे भोवऱ्यापर्यंत ने आणि थांब. भोवरा ओलांडून पुढे ओढलीस तर मागे केस उभे राहतात, मग कितीही जेल लाव, बसत नाहीत.

हे मी एकदा फार वाईट पद्धतीने शिकलो. लग्नाच्या आदल्या दिवशी एक नवरदेव आला. कुणाचातरी फोटो दाखवला, त्यात भांग उजवीकडे होता. मी न तपासता उजवीकडे पाडला आणि त्या हिशोबाने वरचे केस कापले. वाळल्यावर केस आपल्या मूळ वळणाने डावीकडून पडायला लागले, आणि जी बाजू वर यायला हवी होती ती बोटभर आखूड. मामांनी मला बाजूला केलं, अर्धा तास खपून बाकीचे केस तिच्याशी जुळवून आणले आणि पैसे घेतले नाहीत. तो पोरगा काही बोलला नाही, फक्त आरशात बघत राहिला. ते तोंड अजून डोळ्यांपुढे येतं. तेव्हापासून तळहात ठेवून पाहिल्याशिवाय मी कात्री उचललेली नाही.

प्रत्यक्ष भाग पाडताना आधी केस स्वच्छ हवेत. आपल्याकडे अर्धी गिऱ्हाइकं तेल लावून येतात. तेलकट केस जुडग्या-जुडग्यांनी चिकटतात, रेघ ओढली तरी चार केस इकडचे तिकडे जातातच. सरळ सांगावं, दादा, आधी धुऊ. धुतल्यावर टॉवेलने टिपून घे. केस ओलसर हवेत, पाणी गळता कामा नये. क्लिपमधून केस निसटतात म्हणालास, त्याची दोनच कारणं असतात: केसांतून पाणी गळत असतं, किंवा एका क्लिपमध्ये फार केस कोंबलेले असतात. भाग एकदा नीट विंचर, मुळाशी पीळ दे, पीळ डोक्यावर चपटा बसव आणि लांब चोचीची क्लिप पिळावर आडवी लाव. काम चालू असताना वाळत आलेल्या भागावर परत फवारा मार. ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर आखडतो, कुरळा असेल तर आणखीच वर चढतो. एक बाजू ओली आणि दुसरी वाळकी कापलीस तरीही लांबीत फरक पडणारच.

रेघेसाठी शेपटीचा कंगवा घे, म्हणजे ज्याचा दांडा लांब आणि टोकाला निमुळता असतो तो. शेपटी खिळ्यासारखी उभी धरू नकोस, आडवी झुकव, म्हणजे टोक कातडीवर घसरेल, टोचणार नाही. करंगळी डोक्यावर टेकलेली राहू दे, तिच्या आधाराने हात चालतो. पहिल्या टिंबापासून दुसऱ्यापर्यंत एका दमात ने, मधे थांबू नकोस. वरचे केस दुसऱ्या हाताने उचल, खालचे खाली विंचर. रेघ चुकली तर एकेक केस वेचून दुरुस्त करत बसू नकोस. सगळे परत एकत्र विंचर आणि नव्याने पाड. वेचून सुधारलेला भांग दिसायला सरळ दिसतो, पण तुझ्या हाताला त्यातून काहीच मिळत नाही.

(लहान बाळाचं जावळ काढायला आणलं तर शेपटीचा कंगवा लांबच ठेव. टाळू भरायला साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ जातो, तिथे टोकदार काही नको.)

पुरुषांच्या कटिंगमध्ये पहिली रेघ कडेची. कपाळाच्या एका कोपऱ्यापासून कडेकडेने मागे, भोवऱ्याखालून फिरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, घोड्याच्या नालेसारखी. वरचे केस क्लिपमध्ये. आता बाजूला मशीन चालव की कात्री, कडेच्या वर जायचं नाही. कडेखालचे केस सरळ लोंबतात, वरचे त्यांच्यावर येऊन पडतात. कड ओलांडून मशीन गेलं की तिथे खाच पडते आणि महिनाभर दिसते, कारण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो.

वर कापताना मधोमध दोन बोटं रुंदीची पट्टी कपाळापासून भोवऱ्यापर्यंत घे आणि तिची लांबी ठरव. ती तुझी गाईड, बाकीचे केस तिच्या मापाने कापायचे. मग प्रत्येक नवा सेक्शन घेताना गाईडचे थोडे केस त्यात आले पाहिजेत. सेक्शन किती जाड? मी पोरांना एवढंच सांगतो, की बोटांत धरल्यावर आतली गाईड दिसली पाहिजे. साधारण एक सेंटिमीटर, दाट केसांत त्याहून कमी. गाईड दिसेना झाली की तू अंदाजाने कापतोयस, आणि तिथेच पायऱ्या पडतात. भोवऱ्यापाशी सरळ पट्ट्या चालत नाहीत. तिथे सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे भाग घे, मध्यबिंदू भोवरा. सगळं झालं की उलट दिशेने तपास: उभे सेक्शन घेऊन कापलं असेल तर आडवे उचलून बघ. जे टोक बाहेर येईल तेवढंच टिप.

बायकांच्या किंवा खांद्यापर्यंतच्या केसांना चार भाग. एक रेघ कपाळाच्या मध्यापासून मानेच्या खळगीपर्यंत, दुसरी एका कानामागून माथ्यावरून दुसऱ्या कानामागे. मधली रेघ आरशात नाकाच्या शेंड्याशी जुळव. ही रेघ शिकायची असेल तर घरात बघ. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दोन वेण्या घालताना आई कंगव्याच्या कोपऱ्याने कपाळापासून मानेपर्यंत एका झटक्यात भांग पाडते, आणि तोही घड्याळाकडे बघत. तिचा डावा हात बघ. तो हनुवटी नाहीतर डोकं धरून ठेवतो. आपण तेच विसरतो.

गिऱ्हाइकाचं डोकं हललं की तुझी टिंबंही हलतात. पायावर पाय टाकून बसलेल्या माणसाची कंबर एका बाजूने उचलली जाते आणि खांदे तिरके होतात. मोबाइलमध्ये बघणाऱ्याची मान खाली असते. "साहेब, पाय खाली ठेवा, दोन मिनिटं समोर बघा," असं नम्रपणे म्हण, कुणी रागावत नाही. तूही ज्या सेक्शनवर काम चालू आहे त्याच्या बरोबर समोर उभा राहा. खुर्चीभोवती फिरायला आळस नको. एका जागी उभं राहून हात लांबवला की पलीकडच्या बाजूचे केस नेहमी लांब राहतात, कारण केस तू स्वतःकडे ओढून कापलेले असतात. खुर्चीची उंची अशी ठेव की कोपर खांद्याच्या वर जाणार नाही.

डावखुरेपणाबद्दल माझं मत मालकांपेक्षा वेगळं आहे, त्यांचा मान ठेवून सांगतो. शेपटीचा कंगवा दोन्ही हातांना सारखाच, तो डाव्याने चालव. अडचण कात्रीची आहे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि केस कापला जायच्या ऐवजी दुमडतो. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, पाती उलटी बसवलेली. ती घे. मालकांना तिच्यावर एक सेक्शन कापून दाखव, वाद घालू नकोस. फक्त एक लक्षात ठेव: उजव्या हाताचा कारागीर साधारण ज्या बाजूने सुरू करतो त्याच्या उलट बाजूने तुला सोपं जाईल, म्हणून त्यांचं बघून शिकताना आरशात बघ.

सोमवारी दुकान बंद असेल तर डमीचं डोकं घरी ने, खऱ्या केसांचं असेल तर उत्तम, प्लॅस्टिकचे केस वेगळेच घसरतात. पहिले दोन आठवडे कात्री बाहेर काढू नकोस. फक्त चार भाग पाड, क्लिपा लाव, सोड, विंचर, परत पाड. मग नालेची रेघ. मग भोवऱ्याच्या आऱ्या. एकदा कापलेली डमी परत वाढत नाही, पण भांग तिच्यावर रोज पाडता येतो. प्रत्येक वेळी मोबाइलने मागून आणि वरून फोटो काढ. डोळ्याला सरळ वाटलेली रेघ फोटोत कुठे वळली ते दिसतं, आणि ती बहुतेक रोज एकाच ठिकाणी वळत असते. तुझी कुठे वळते ते पंधरा दिवसांनी मला सांग. मागच्या उंचवट्यावर वळत असेल तर तू वाकत नाहीयेस, आणि कानाजवळ वळत असेल तर तुझी उभं राहायची जागा चुकतेय.