मैदानावरून : शिट्टी वाजवायला पदवी कशाला?

प्रश्न : बाई, मी २२ वर्षांचा आहे. ४०० मीटर धावतो, पदकंही मिळाली आहेत. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात, ‘पोरांना मैदानात सोडायचं आणि शिट्टी फुंकायची, त्याला शिक्षण कसलं?’ खरं सांगायचं तर मलाही वाटतं, इतकी वर्षं खेळलो, आता आणखी काय शिकायचं राहिलं? – एक धावपटू

उत्तर : पदकांबद्दल तुझं मनापासून कौतुक. ४०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात पाय जड होऊन उचलेनासे होतात, ते सोसून तू पदक आणलंस. ही सोसण्याची सवय या कामात फार उपयोगी पडेल. पण हे काम तुझ्यासारख्या मुलांसाठी नसतं रे. पळणाऱ्या पोराला मैदान दाखवलं की ते पळतंच. शिक्षक लागतो तो रांगेत मुद्दाम सगळ्यात मागे जाऊन उभ्या राहणाऱ्याला.

मी ३१ वर्षं शाळेच्या मैदानावर काढली. चौथीतला एक मुलगा चेंडू आला की तोंड फिरवायचा. बाकीची पोरं हसायची. ‘नजर चेंडूवर ठेव’ असं मीही दहादा ओरडून सांगितलं. एके दिवशी त्याच्या शेजारी उकिडवी बसून नुसती बघत राहिले. चेंडू हातभर लांब असतानाच त्याचे डोळे गच्च मिटत होते. कधीतरी नाकावर बसलेला असणार. मिटल्या डोळ्यांनी नजर कुठे ठेवणार तो? दुसऱ्या दिवशी मी फुगा नेला. फुगा सावकाश येतो आणि लागला तरी दुखत नाही. तो दोन्ही तळव्यांत यायला लागल्यावर स्पंजचा मोठा चेंडू, आधी टप्पा पाडून, मग थेट. शेवटी टेनिसचा. सहा आठवडे गेले. पहिला टेनिसचा चेंडू झेलल्यावर त्यानं तो मला परतच दिला नाही, छातीशी धरून उभा राहिला.

आता मला सांग, तू झेल घ्यायला कसा शिकलास हे तुला आठवतं? नाही आठवणार. ज्याला एखादी गोष्ट सहज आली, त्याला ती दुसऱ्याला का येत नाही ते दिसत नाही. ते दिसावं म्हणून शिकायचं असतं. नेमणुकीचे नियम जागोजागी वेगळे, पण शारीरिक शिक्षणाच्या पदवीत शिकवतात ते साधारण सारखंच : शरीररचना, श्वास आणि हृदयाचं काम, कोणत्या वयात हाडं-स्नायू किती भार पेलतात, मुलांचं मन, खेळांचे नियम, आणि प्रत्यक्ष वर्गावर पाठ घेणं. प्रथमोपचार तर हवेतच. हृदय बंद पडलं तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. पुतळ्यावर दाबून दाबून मनगटं दुखली की येतं.

न शिकता काय होतं तेही सांगते, कारण ते माझ्याच हातून झालं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी उशिरा आलेल्या एका मुलाला मी मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत तो खोकायला लागला, मला वाटलं सोंग करतोय. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि खांदे वरखाली करत श्वास ओढायला लागला. त्याला दमा होता. त्याचा इनहेलर ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली येईपर्यंतची ती मिनिटं मी आजही विसरलेले नाही. मुलगा बरा झाला. त्यानंतर दम्याच्या मुलाचा इनहेलर मैदानावर माझ्या कमरेच्या पिशवीत असायचा, सुरुवातीचा व्यायाम हळूहळू वाढवत नेलेला असायचा, आणि शिक्षा म्हणून मी एकाही मुलाला पळवलं नाही. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच शिक्षा म्हणून द्यायची, हे कसलं शिकवणं?

आणि घरच्यांना एक गोष्ट जरूर सांग. बास्केटबॉल शोधला तो एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानं. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नाइस्मिथ यांच्याकडे कंटाळलेला, धसमुसळा वर्ग आला. थंडीमुळे बाहेर जाता येईना. आत खेळताना धक्काबुक्की होते ती कशानं, याचा त्यांनी विचार केला. चेंडू घेऊन पळतात म्हणून पाडापाडी होते. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. गोल समोर असला की जोरात मारतात. मग तो डोक्याच्या वर टांगायचा, म्हणजे अलगद टाकावा लागेल. पीचच्या दोन टोपल्या, फुटबॉल आणि १३ नियम. समोरच्या वर्गाकडे नीट बघून त्याला हवा तो खेळ घडवणं, हेच तर हे काम. तुझ्यात ती चिकाटी असेल तर खुशाल ये, पण पदवी घेऊन ये.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. खेळाचा तास असला की सकाळीच पोटात दुखतं. खोदून विचारल्यावर कळलं, दोन कप्तान एकेक गडी निवडतात आणि हा नेहमी शेवटी उरतो. सरांशी बोलू का? – एक आई

उत्तर : आजच बोला. पोटात खरंच दुखत असतं त्याच्या, त्याला ढोंगी म्हणू नका. सगळ्यांच्या देखत ‘तू कुणालाच नको’ असं आठवड्यातून दोनदा ऐकायचं म्हणजे काय, ते मोठ्या माणसालाही सोसणार नाही. गट पाडायला कप्तान लागत नाहीत. एक-दोन, एक-दोन मोजा, रंगीत फिती वाटा, किंवा शिक्षकानं आदल्या दिवशी यादी करून आणावी. बाद झालं की बाहेर बसायचं, असे खेळही कमी करायला सांगा. त्यात सर्वांत कच्चं मूल सर्वांत आधी बाहेर जातं आणि ज्याला सरावाची गरज त्यालाच सराव मिळत नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कडेला बसलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातली किती येणार? सरांशी बोलताना तक्रारीचा सूर नको. बहुतेकांनी लहानपणी हेच पाहिलेलं असतं, म्हणून तेच करतात. आणि मुलाला घरी आवडेल ते करू द्या, सायकल, पोहणं, दोरीवरच्या उड्या. कुणी निवडायची गरज नाही असं काहीही.

प्रश्न : मी गणित शिकवते, पण सध्या खेळाचा तासही माझ्याकडे आहे. सातवीतला एक मुलगा गुडघा दुखतो म्हणतो. पडलेला नाही, सूजही फारशी दिसत नाही. पळवू की बसवू? – एक शिक्षिका

उत्तर : वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. नेमकं तिथेच बोट ठेवलं की दुखतं का, आणि उड्या मारल्यावर, पळल्यावर वाढतं का, ते विचारा. तसं असेल तर वाढत्या वयातला ऑस्गुड-श्लॅटर नावाचा त्रास असू शकतो. मांडीचा स्नायू वाटीवरून येऊन त्याच उंचवट्याला ओढ देतो, आणि तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. तरी निदान डॉक्टरांनाच करू द्या, पालकांना आजच चिठ्ठी पाठवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा लंगडणं असेल तर थांबूच नका. तोपर्यंत पळणं आणि उड्या बंद, पण मुलाला बाकावर बसवू नका. त्याच्या हातात स्टॉपवॉच आणि वही द्या, वर्गाच्या वेळा त्याला नोंदवू द्या. बसून चेंडू फेकायचा, झेलायचा सराव करू द्या. सरासरी काढायला तर तुम्ही आहातच.