पुण्याहून गणपतीला सिंधुदुर्गातल्या वालावलला जायचं आहे. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. विमानाने जायचं तर चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळावर, उतरावं की मोपाला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावर? असं तुम्ही विचारलंत.

माझं घर परुळ्यात. चिपीचा सडा, म्हणजे विमानतळ आहे ते कातळाचं पठार, आमच्या डोक्यावरच, त्यामुळे विमान आलं की आधी आवाज येतो आणि मग कोणीतरी विचारतो, "इलां काय रे इमान?" हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तुमचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

नुसता रस्ता पाहिलात तर वालावलसाठी चिपीच. बाहेर पडलात की साधारण अर्ध्या-पाऊण तासात कर्लीच्या खाडीकाठी लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी पोहोचाल. मोपाहून बांदा, सावंतवाडी, कुडाळ करत यायला दीड-दोन तास धरा, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी महामार्गावर मुंबईच्या गाड्यांची रांग असेल तर त्याहून जास्त. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे.

पण चिपीला विमानतळ आहे म्हणून विमानही असेल, असं धरून चालू नका. आम्ही हे अनुभवाने शिकलो. २०१८ साली गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाचणीचं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं, गावात केवढा आनंद झाला, आणि प्रवासी विमान प्रत्यक्षात सुरू झालं ९ ऑक्टोबर २०२१ ला. ते अलायन्स एअरचं मुंबईचं विमान, लहान गावं-शहरं विमानाने जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेतलं. या योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास कमाल भाडं ठरवून दिलेलं असतं, तेही निम्म्याच जागांना, आणि कंपनीला जो तोटा होतो तो सरकार तीन वर्षं भरून देतं. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत सरली आणि ते विमानही बंद झालं. धावपट्टी काही कमी पडत नव्हती, ती अडीच हजार मीटरची आहे, मोठं जेट उतरेल एवढी. मोपाची साडेतीन हजार मीटरची. पण जानेवारी २०२३ पासून मोपा चालू झाल्यावर कंपन्यांनी तिकडे जाणं साहजिक होतं. तिथे गोव्याला जाणारा पर्यटक बारा महिने मिळतो. आमच्याकडे गर्दी गणपतीला, मे महिन्यात आणि थोडीफार दिवाळीला. एरवीच्या मंगळवारी चिपीला कोण उतरणार?

पुण्याचं मात्र बरं आहे. फ्लाय९१ या गोव्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पुणे–सिंधुदुर्ग सुरू केलं. तिकीट काढताना 'चिपी' शोधू नका, 'सिंधुदुर्ग' शोधा. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे गणपती उन्हाळी वेळापत्रकात येतो. तुम्हाला हवा तो वार त्यात आहे का, हे आधी बघा आणि मगच रजा टाका. उलटं करून फसलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

आता पावसाचं. सडा उंचावर, तिन्ही बाजूंनी समुद्राची आणि खाडीची वाफ, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात ढग अगदी जमिनीला टेकतात. एकदा जुलैत पुतण्याला आणायला गेलो होतो. वर घरघर ऐकू येत होती, विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि ते आलं तसं माघारी गेलं. वैमानिकाला ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊन धावपट्टी दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर त्याने उतरायचंच नसतं. त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही, पण प्राणप्रतिष्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर जिवाला घोर लागतो. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं विमान घेऊ नका. निदान दोन दिवस आधीचं घ्या. आणि जमलं तर पनवेल–कुडाळ रेल्वेचं तिकीटही साठ दिवस आधी काढून ठेवा, नको झालं तर रद्द करा. थोडे पैसे जातील. माझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, बहुतेक तुमच्या आईही सांगतील.

आईंसाठी एक गोष्ट आवर्जून. चिपीला येणारं विमान एटीआर असतं, पंख्याचं, सत्तरेक माणसांचं. त्यात चढायचं-उतरायचं दार मागच्या बाजूला असतं, सामान पुढे भरतात. त्यामुळे आपल्या नेहमीच्या सवयीने पुढची जागा मागू नका. मागच्या रांगेतली घ्या, दोन-तीन पावलांत दार येतं. दाराला पायऱ्या आहेत, थोड्याच, पण आहेत. चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच सांगा, ऐन वेळी विमानतळावर नको. हवा स्वच्छ असेल तर खिडकीकडे बसवा, आपली खाडी वरून बघताना गुडघे थोडा वेळ विसरतील.

मोपाच घ्यावं लागलं तर तिकिटावरची अक्षरं दोनदा वाचा. गोव्यात विमानतळ दोन. दाभोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. माझ्या चुलतभावाने घाईत 'गोवा' बघून तिकीट काढलं, आणि आम्ही गाडी घेऊन मोपाला उभे! तो दाभोळीहून फोन करतोय, "मी बाहेर आलो, तुम्ही खंय?" मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या ओलांडून त्याला आणला. रात्री भजनाला पोहोचला, तेवढंच समाधान. मोपाला गाडी आधीच ठरवून ठेवा, आणि ती गोव्याची की सिंधुदुर्गाची, कुठे उभी राहणार, हे चालकाशी आदल्या दिवशी बोलून घ्या. चिपीलाही तेच. तिथे बाहेर रिक्षांची रांग वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. बाहेर कातळ आणि गवत. वालावलच्याच कोणा ओळखीच्या गाडीवाल्याला विमानाची वेळ कळवून ठेवलीत तर तो विमान उशिरा आलं तरी थांबेल.

परतीच्या सामानाचं राहिलं. कोकमाचं आगळ हातातल्या पिशवीत नको, बाटली नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत घाला. आणि गावची माणसं प्रेमाने सुकं खोबरं बांधून देतील, ते मात्र तिथेच ठेवून या. तेलामुळे पेट घेण्याजोगं धरतात, ना हातात चालत ना बॅगेत. आमच्या काकीचं दोन किलो असंच विमानतळावर राहिलंय.