कीस्टोअर तर केला, पण त्याची किल्ली कुठे ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडात आंब्याच्या ऑर्डरी घेणारं, स्प्रिंग बूटमध्ये (म्हणजे जावाच्या एका चौकटीत) लिहिलेलं ॲप्लिकेशन तुम्ही चालवता. सर्व्हर म्हणजे पॅकिंग शेडच्या मागच्या खोलीतलं उबंटू २२.०४ चं एक मशीन. पोस्टग्रेस या डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेचं टोकन, पेमेंट गेटवेची की असं सगळं प्रॉपर्टीज फाईलमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, उघडं आहे. ते एन्क्रिप्ट केलेल्या कीस्टोअरमध्ये, म्हणजे पासवर्ड आणि की ठेवायच्या कुलूपबंद फाईलमध्ये, कसं न्यायचं, आणि मग त्या कीस्टोअरचा पासवर्ड कुठे ठेवायचा, असं तुम्ही विचारलंत.

मी रत्नागिरीत असतो आणि दापोलीपासून मालवणपर्यंत अशा छोट्या धंद्यांची मशीनं सांभाळतो. पहिल्या भागाचं काम अर्ध्या तासात होतं. दुसऱ्या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात घोडं तिथेच अडतं.

आधी कीस्टोअर. जावासोबत कीटूल ही कीस्टोअर बनवायची कमांड येतेच, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. त्याचा इम्पोर्टपास हा पर्याय नेमका याच कामाचा आहे: तो तुम्हाला पासवर्ड विचारतो आणि दिलेल्या उपनावाखाली कीस्टोअरमध्ये ठेवतो. जावा ८ पासून तो आहे. कीस्टोअरचा प्रकार, म्हणजे फाईलची रचना, पीकेसीएस-१२ द्या. जुन्या लेखांत जेकेएस हा प्रकार वाचायला मिळेल, पण त्यात सर्टिफिकेटं आणि खासगी की राहतात, नुसता पासवर्ड बसत नाही. त्यासाठी पूर्वी जेसीईकेएस वापरायचे. जावा ९ पासून पीकेसीएस-१२ हाच मूळ प्रकार झाला, त्यामुळे आता दुसरीकडे बघायचं कारण नाही.

हे करताना लोक कुठे अडखळतात ते सांगतो. उपनावं सगळी लहान लिपीत ठेवा, कारण पीकेसीएस-१२ तशीही ती लहान करूनच साठवतो आणि मग यादीत तुमचं मूळ नाव दिसत नाही म्हणून गोंधळ उडतो. साठवायच्या पासवर्डात देवनागरी अक्षरं नकोत. कीटूल तो जसा साठवतो त्यात फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात, बाकी तो नाकारतो. प्रत्येक नोंदीला वेगळा पासवर्ड द्यायला जाऊ नका, या प्रकारात कीस्टोअरचा आणि नोंदीचा पासवर्ड एकच असतो. आणि 'चेंजइट' हा शब्द कुठल्याही उदाहरणातून उचलून ठेवू नका. जावाच्या सर्टिफिकेटांच्या कीस्टोअरचा तो मूळ पासवर्ड आहे आणि जगाला पाठ आहे.

आणखी एक अडचण खास तुमच्यासारख्यांची. लॅपटॉपवर नवं जावा आणि शेडमधल्या मशीनवर वर्षानुवर्षं न हललेलं जावा ८ असेल, तर लॅपटॉपवर बनवलेला कीस्टोअर तिथे उघडणार नाही. जावा १६ पासून पीकेसीएस-१२ ची एन्क्रिप्शन पद्धत बदलून एईएस-२५६ झाली. ती जुन्या आवृत्त्यांतही आणली, पण जावा ८ मध्ये ३०१ व्या अपडेटपासून आणि जावा ११ मध्ये ११.०.१२ पासून. उपाय सोपा आहे: सर्व्हरवरचं जावा अपडेट करा. पद्धत मागे नेऊ नका, जुनी खरोखरच कमजोर होती.

कमांड चालवताना पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका. तो बॅशच्या, म्हणजे कमांड टाईप करतो त्या शेलच्या, इतिहासात राहतो आणि चालू प्रोसेसच्या यादीत मशीनवरच्या कुठल्याही युजरला दिसू शकतो. कीटूल विचारेल तेव्हाच टाईप करा. मग फाईलची मालकी ॲप्लिकेशनच्या युजरकडे द्या आणि परवानगी ४०० करा, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल. त्या युजरला लॉगिन नको.

ॲप्लिकेशनच्या बाजूला पंधरा-वीस ओळींचा कोड पुरतो: कीस्टोअर उघडायचा, उपनावाची नोंद काढायची, जावातल्या 'पीबीई' नावाच्या सीक्रेट-की फॅक्टरीतून मूळ पासवर्ड मिळवायचा आणि डेटाबेसशी जोडणाऱ्या डेटासोर्सला द्यायचा. हा कोड एकाच क्लासमध्ये ठेवा आणि त्यात लॉगची एकही ओळ लिहू नका. 'जरा बघू बरोबर वाचतोय का' म्हणून छापलेला पासवर्ड पुढे वर्षभर लॉगमध्ये पडून राहिलेला मी पाहिलाय.

इथवर आलात की लगेच एक काम करा, जे बहुतेक जण सोडून देतात: सगळे पासवर्ड बदला. जुने प्रॉपर्टीज फाईलमध्ये होते, म्हणजे ते गिटच्या (कोडच्या जुन्या-नव्या प्रती ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात आहेत, जुन्या पेनड्राइव्हवर आहेत, कधीतरी तुम्ही व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवलेल्या झिपमध्येही असतील. तेच पासवर्ड कीस्टोअरमध्ये टाकणं म्हणजे चोरीला गेलेल्या किल्लीचंच कुलूप नव्या दाराला लावणं. पोस्टग्रेसचा पासवर्ड बदलताना पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-खिडकीतली 'पासवर्ड' ही बॅकस्लॅशची कमांड (\password) वापरा. ती पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड वाचता येत नाही असं रूप) करूनच सर्व्हरकडे पाठवते, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा पासवर्ड उमटत नाही. आणि ॲप्लिकेशन जर 'पोस्टग्रेस' नावाच्याच, सगळे अधिकार असलेल्या सुपरयुजरने जोडलेलं असेल तर त्यासाठी वेगळा, गरजेपुरत्या अधिकारांचा युजर काढा.

आता मुख्य गोष्ट.

कीस्टोअरचा पासवर्ड कोणीतरी ॲप्लिकेशनला द्यायलाच हवा. पुस्तकी उत्तर असं की सुरू करताना माणसाने तो हाताने टाईप करावा. बँकेच्या डेटा सेंटरमध्ये चोवीस तास माणूस बसलेला असतो, तिथे हे ठीक आहे. तुमच्या शेडमध्ये रात्री दोन वाजता कोण आहे? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाची आठवण तुम्हालाही असेल. माझ्या एका ग्राहकाकडे तेव्हा लाईट येत होती, जात होती. यूपीएस दमला, मशीन बंद पडलं, लाईट आल्यावर आपोआप सुरू झालं, आणि ॲप्लिकेशन पासवर्डची वाट बघत तसंच थांबलं. रस्त्यावर झाडं आडवी आणि फोनला रेंज नाही. मुंबईच्या ग्राहकांना दोन दिवस वेबसाईट बंद दिसली, तीही मेमध्ये. असं एकदा झालं की मालक सांगतो, 'तो पासवर्ड फाईलमध्येच लिहून टाका,' आणि मग सगळा खटाटोप वाया. म्हणून आपल्याकडे मशीन माणसाशिवाय उठलंच पाहिजे, हे गृहीत धरूनच मांडणी करायची.

मग पासवर्ड मशीनवरच राहणार. प्रश्न एवढाच की कसा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोसेस सुरू करताना तिला दिलेलं मूल्य, मला आवडत नाही, कारण ॲप्लिकेशन जी जी दुसरी प्रोसेस सुरू करेल तिच्याकडे ते वारशाने जातं आणि एखाद्या डीबग पानावर सहज उघडं पडतं. मी सिस्टिमडीची (उबंटूत सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) क्रेडेन्शियलची सोय वापरतो. सर्व्हिसच्या फाईलमध्ये 'लोडक्रेडेन्शियल' अशी ओळ लिहिली की रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, ताब्यातली पासवर्डची फाईल सिस्टिमडी स्वतः वाचतो आणि फक्त त्या सर्व्हिसला दिसेल अशा, मेमरीतल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो. सर्व्हिस थांबली की ते फोल्डर जातं. तुमच्या उबंटू २२.०४ मध्ये सिस्टिमडीची २४९ वी आवृत्ती आहे, तिथे एवढं मिळतं. २४.०४ वर गेलात तर 'सिस्टिमडी-क्रेड्स' मिळेल, जे २५० व्या आवृत्तीत आलं. त्याने ती फाईल एन्क्रिप्ट करता येते, आणि मशीनमध्ये टीपीएम (की सांभाळणारी मदरबोर्डवरची) चिप असेल तर त्या चिपशी बांधताही येते. मग फाईल चोरून दुसऱ्या मशीनवर नेली तर उघडत नाही. जमत असेल तर हंगाम संपल्यावर २४.०४ वर जा, माझा स्पष्ट सल्ला आहे.

याने काय साधतं तेही नीट सांगतो. बॅकअपचा पेनड्राइव्ह हरवला, कोणी कोडची प्रत नेली, गिटचा ॲक्सेस चुकीच्या माणसाला गेला, तर तुमचे पासवर्ड सुरक्षित राहतात. चालू मशीनवर कोणी रूट झाला तर मात्र राहत नाहीत, कारण ॲप्लिकेशनला जे वाचता येतं ते रूटलाही येतं. आणि टीपीएम नसेल तर सिस्टिमडी ती फाईल एन्क्रिप्ट करायची आपली की त्याच डिस्कवर ठेवतो. म्हणजे कोणी अख्खं मशीन उचलून नेलं, किंवा अख्ख्या डिस्कचीच प्रत तुम्ही बॅकअप म्हणून घेतली, तर कुलूप आणि किल्ली एकत्रच गेली. बॅकअपमध्ये कीस्टोअर जाऊ दे, ती की किंवा पासवर्डची उघडी फाईल जाऊ देऊ नका.

पण मग मशीनच गेलं तर? इथे मला चिपळूणचं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं, त्यात माझ्या एका व्यापारी ग्राहकाचं तळमजल्यावरचं मशीन बुडालं. डेटाबेसचा बॅकअप माझ्याकडे रत्नागिरीत होता, कीस्टोअरची फाईलही होती. कीस्टोअरचा पासवर्ड मात्र दोनच ठिकाणी होता: त्या मशीनवर, आणि त्याच टेबलाच्या खणातल्या वहीत. दोन्ही एकाच पाण्यात गेलं. डिस्कमधून काही निघालं नाही.

डेटाबेसचा पासवर्ड गेला याचं दुःख नव्हतं. नवा पोस्टग्रेस बसवला, नवा पासवर्ड दिला. एसएमएसचं टोकन, पेमेंटची की हेही त्या त्या सेवेकडून नवं मिळालं. पण त्याच कीस्टोअरमध्ये एक एन्क्रिप्शनची की होती, जिने आम्ही शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवले होते. ती पुन्हा कुठून आणणार? नावं, हिशेब, तारखा सगळं जसंच्या तसं, फक्त खाते क्रमांकाच्या जागी कोणालाच न वाचता येणारी अक्षरं. स्वतःचं घर साफ न झालेल्या लोकांना फोन करून त्या व्यापाऱ्याच्या मुलीने एकेक क्रमांक पुन्हा लिहून घेतला. ही व्यवस्था मी बसवलेली होती, त्यामुळे ती चूक माझी होती.

म्हणून कीस्टोअर भरताना आधी कागदावर दोन रकाने करा. एकात जे गेलं तर नवं मिळेल ते, दुसऱ्यात जे गेलं तर कधीच मिळणार नाही ते. दुसरा रकाना रिकामा असेल तर तुम्ही सुखी आहात. नसेल तर त्या कींचा वेगळा कीस्टोअर करा, आणि त्याच्या पासवर्डाची प्रत तालुक्याबाहेर गेलीच पाहिजे.

प्रत कागदावरच ठेवा. पेन्सिलीने लिहा, पाणी लागलं तरी शिसं पसरत नाही, शाई पसरते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा, नाहीतर आपल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते. एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरं मुंबई-पुण्यातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. चाकरमानी घराला कुलूप लावून जाताना एक किल्ली शेजाऱ्याकडे देतो, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने. पाकिटावर पासवर्ड कशाचा ते लिहू नका. ते दुसरीकडे, तुमच्या माणसांना ठाऊक असलेल्या जागी लिहा. टीपीएम वापरलंत तर हे पाकीट आणखीच गरजेचं आहे: खाऱ्या हवेत मदरबोर्ड गेला की ती चिपही गेली, आणि तिच्याशी बांधलेली फाईल दुसऱ्या बोर्डावर उघडणार नाही.

मृग लागायच्या आत दोन चाचण्या करा. पहिली: मशीन व्यवस्थित बंद करून वायर काढा, दहा मिनिटांनी लावा आणि कीबोर्डला हात न लावता मोबाईलवरून एक ऑर्डर टाकून बघा. बायॉसमध्ये लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू आहे का, तेही तेव्हाच कळेल. दुसरी: दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर फक्त बॅकअप आणि लॉकरमधलं पाकीट एवढ्यावरून सगळं उभं करा.

पहिल्या चाचणीत कीस्टोअरचा पासवर्ड चुकीचा असल्याचा एरर आला आणि हाताने टाईप केल्यावर तोच पासवर्ड चालला, तर घाबरू नका. क्रेडेन्शियलची फाईल बनवताना शेवटी नव्या ओळीचं चिन्ह गेलेलं असतं, 'एको' कमांडने लिहिलं की ते येतंच. 'सिस्टिमडी-आस्क-पासवर्ड' या कमांडला उणे एन (-n) हा पर्याय देऊन फाईल पुन्हा बनवा, किंवा कोडमध्ये वाचताना शेवटची मोकळी जागा कापा.