टर्मिनलची सवय फायरफॉक्समध्ये नडते

प्रश्न : मी लिनक्सवर आय-थ्री विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) वापरते. टर्मिनलमध्ये कॉपी करायला दिवसभर कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून बोटांना तेच वळण लागलंय. फायरफॉक्समध्येही तेच दाबलं जातं आणि कॉपी व्हायच्या ऐवजी इन्स्पेक्टर, म्हणजे पानाचा कोड दाखवणारं साधन, उघडतो. फक्त फायरफॉक्सपुरता हा शॉर्टकट बदलता येईल का? आय-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये तशी सोय सापडली नाही.

उत्तर : सापडली नाही, कारण ती नाहीच. कॉन्फिगमधल्या 'बाइंडसिम' या आज्ञेने बांधलेली कळ आय-थ्री एक्स सर्व्हरकडून, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून, स्वतःसाठी मागून घेतो. मग समोर कुठलीही विंडो असो, कळ आधी त्याच्याकडेच जाते. कमांडच्या आधी चौकटी कंसात क्लास, म्हणजे विंडो कुठल्या प्रोग्रामची हे सांगणारं नाव, लिहिता येतो, त्यावरून अनेकांची गफलत होते. तो क्लास कमांड कुठल्या विंडोवर चालवायची एवढंच सांगतो. कळ कुठल्या विंडोत दाबली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पूर्वी मी यासाठी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. समोर फायरफॉक्स असेल तर एक्सडूटूलने (कळ दाबल्याचं सोंग करणारी कमांड) कंट्रोल-सी पाठवायचं, नाहीतर मूळ कळ जशीच्या तशी परत पाठवायची. फायरफॉक्समध्ये छान चाललं. टर्मिनलमध्ये मात्र परत पाठवलेली कळ पुन्हा आय-थ्रीनेच धरली, त्याने पुन्हा स्क्रिप्ट चालवली, आणि हे थांबेचना. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवरून ते बंद करावं लागलं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या कामाला एक्सरीमॅप हा कळा बदलून देणारा प्रोग्राम योग्य. तो एक्सच्या खाली, थेट कीबोर्डच्या इनपुटवर बसतो आणि बदललेली कळ आभासी कीबोर्डमधून पुढे देतो, त्यामुळे हा फेरा होत नाही. आधी टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप (विंडोची माहिती दाखवणारी कमांड) चालवून फायरफॉक्सच्या विंडोवर क्लिक करा. 'डब्ल्यूएम क्लास'च्या ओळीत दोन नावं दिसतील. त्यातलं दुसरं घ्या, लहान-मोठ्या लिपीसकट, कारण आवृत्तीनुसार पहिलं अक्षर बदललेलं असू शकतं. मग एक्सरीमॅपच्या कॉन्फिगमध्ये 'कीमॅप'खाली एक नोंद करा : 'ॲप्लिकेशन'मध्ये 'ओन्ली' म्हणून ते नाव, आणि 'रीमॅप'मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सीच्या जागी कंट्रोल-सी. टर्मिनलला याचा धक्काही लागत नाही.

परवानगीचं मात्र नीट समजून घ्या. एक्सरीमॅप रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकारी खात्याशिवाय, चालवायचा तर स्वतःला 'इनपुट' गटात घालावं लागतं आणि यूइनपुटसाठी (आभासी कीबोर्ड बनवायची सोय) यूडेव्हचा, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, नियम लिहावा लागतो. त्या गटात गेलात की तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम प्रत्येक कळ, पासवर्डसुद्धा, वाचू शकतो. मशीनवर काय काय चालतं याची खात्री असेल तरच हे करा.

पुढे एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडवर, आय-थ्रीसारख्याच स्वेकडे गेलात तर एक्सरीमॅपची स्वेला चालणारी बांधणी घ्या. वेलँडमध्ये समोर कुठली विंडो आहे हे विचारायची पद्धत कंपॉझिटरनुसार (स्वेसारखा विंडो दाखवणारा प्रोग्राम) बदलते. आणि इन्स्पेक्टर कधी लागलाच, तर फायरफॉक्समध्ये एफ१२ आहेच.