चंगीझखानाची गादी कोणाची?

प्रश्न : मंगोल साम्राज्यात खानाचा मृत्यू झाला की भाऊबंदकी उफाळून येत असे, हे वाचून आश्चर्य वाटते. थोरल्या मुलाने गादीवर बसण्याची रीत त्यांच्यात नव्हती काय?

उत्तर : नव्हती, आणि पुष्कळशा भांडणांचे मूळ तेथेच आहे. थोरले मुलगे आपापला वाटा घेऊन वेगळे होत व बापाचा मूळ मुलूख धाकट्याकडे राहत असे. खानपद मात्र राजकुळातील मंडळी आणि सरदार यांच्या कुरुलताई नावाच्या सभेत ठरे. त्यामुळे वतन एकाकडे आणि गादी दुसऱ्याकडे, अशी स्थिती सहज उद्भवे.

चंगीझखानाच्या घरात तर आणखी एक सल होता. त्याची पत्नी बोर्ते हिला मर्किट टोळीने पळवून नेले होते आणि तिच्या सुटकेनंतर थोड्याच अवधीत थोरल्या जोचीचा जन्म झाला. खानाने त्याला कधीही परके मानले नाही. परंतु वारसाचा विषय निघताच दुसरा मुलगा चगताई याने बापासमोर त्याला मर्किटांचा म्हणून हिणवले आणि दोघांनी एकमेकांची गळपट्टी धरली, असे मंगोलांच्या जुन्या बखरीत आहे. अखेर दोघांनाही मानवेल असा तिसरा मुलगा ओगदेई निवडण्यात आला. सैन्याचा सर्वांत मोठा भाग मात्र धाकट्या तोलुईच्या वाट्याला आला, आणि पुढे हेच निर्णायक ठरले.

ओगदेई १२४१ मध्ये वारला. नातू शिरेमून गादीवर यावा अशी त्याची इच्छा होती, पण त्याची विधवा तोरेगेने हिने कारभार हाती ठेवून १२४६ मध्ये आपला मुलगा ग्युक याला खान केले. ग्युक दोनच वर्षांत गेला. तेव्हा जोचीचा मुलगा बातू, ज्याचे ग्युकशी युरोपच्या मोहिमेत हाडवैर जडले होते, आणि तोलुईची अत्यंत धोरणी विधवा सोरगागतानी यांनी हातमिळवणी करून १२५१ मध्ये तिचा मुलगा मोंगके याला खानपदी बसवले. शिरेमून व त्याच्या साथीदारांवर कटाचा आरोप आला, अनेकांना देहदंड झाला आणि ग्युकच्या विधवेलाही ठार करण्यात आले. साम्राज्य खऱ्या अर्थाने फुटले ते येथेच, असे माझे मत आहे. कारण एक अख्खी शाखा उखडून काढण्याचा प्रकार त्यापूर्वी झाला नव्हता.

मोंगके १२५९ मध्ये वारल्यावर तर त्याचे सख्खे भाऊच समोरासमोर आले. १२६० मध्ये कुबलाईने चीनच्या सीमेजवळील कायपिंग येथे स्वतःची कुरुलताई भरवली, तर मूळ मुलूख सांभाळणाऱ्या धाकट्या अरिक बोकेने मंगोलियात वेगळी भरवली. मंगोलियातील राजधानी काराकोरमला चीनकडून जाणारे धान्य कुबलाईने अडवले, आणि १२६४ मध्ये अरिक बोके शरण आला. तरीही ओगदेईचा नातू कैदू याने कुबलाईची सत्ता मान्य केली नाही. मध्य आशियात तो १३०१ मध्ये मरेपर्यंत लढत राहिला.